पेशींच्या अंगावरची साखर

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू एक डबा घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची लेक बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी आली आहे, बाळ दीड महिन्याचं. लेकीची प्रतिकारशक्ती वाढेल असं सांगून ओळखीतल्याच कुणीतरी तो डबा त्यांच्या गळ्यात मारला होता. आत पांढरी भुकटी. वर लिहिलेलं: पेशींना एकमेकींशी बोलायला लागणाऱ्या आठ साखरा. काकू म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर साखर कमी करा म्हणता. मग हे काय आहे?"

मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलं. काकूंना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

डब्यावरचं पहिलं वाक्य खरं आहे. आपल्या प्रत्येक पेशीला बाहेरून साखरेच्या बारीक साखळ्यांची लव असते. गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, सायलिक आम्ल अशा साखरा प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना जोडलेल्या असतात. पुष्कळदा पेशी एकमेकींना ओळखतात, ते ही लव चाचपूनच.

हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असेल. रक्तगट तपासताना पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब ठेवतात. एकात निळा द्रव घालतात, दुसऱ्यात पिवळा, आणि काडीनं ढवळतात. ए गटाचं रक्त असेल तर निळ्या थेंबात बघताबघता दाणे धरतात, नासलेल्या दुधासारखे. पिवळा थेंब तसाच राहतो. हा सगळा फरक साखळीच्या टोकावरच्या एका साखरेचा! बी गटात तिथं गॅलॅक्टोज असतं, ए गटात गॅलॅक्टोजचंच थोडं बदललेलं रूप, आणि ओ गटात ती जागा रिकामी. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये हे गट दाखवून दिले. पुढे १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, की ज्यात साखळीवर ओ गटातही असणारं फ्यूकोजसुद्धा बसलेलं नव्हतं. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही.

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ. बोटात काटा रुतला, जंतू शिरले, की तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर हुकासारखे आकडे उगवतात. पांढऱ्या पेशींच्या अंगावर फ्यूकोज आणि सायलिक आम्लाची एक साखळी असते, ती या आकड्यांत अडकते. वाहत जाणारी पेशी अडखळते, भिंतीवरून गडगडते, थांबते, आणि भिंतीतून वाट काढत जखमेपाशी पोचते. जगात मोजकी मुलं अशी जन्मतात, की त्यांच्या पेशींत फ्यूकोज योग्य जागी पोचतच नाही. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, पण जखमेपर्यंत जात नाहीत. अशा काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर फरक पडला. हा खरोखरचा उपचार आहे, पण तो त्या जन्मजात आजारावरचा.

काकूंच्या लेकीला तो आजार नाही. निरोगी शरीर या सगळ्या साखरा ग्लुकोजपासून स्वतःच घडवतं, आणि ग्लुकोज तर भाकरीतून, भातातूनही मिळतं. याचा पुरावा हवा? गॅलॅक्टोसेमिया नावाच्या आजारात बाळाला गॅलॅक्टोज पचवता येत नाही. म्हणून त्याचं दूध कायमचं बंद करावं लागतं, आईचंसुद्धा. तरीही त्याच्या पेशींवर गॅलॅक्टोज असतंच, कारण ते शरीरातच तयार होतं.

उलट वरून साखर ओतत राहिलो तर बिघडतं. एन्झाइमनं, म्हणजे पेशीतल्या कामकरी प्रथिनानं, नेमक्या जागी बसवलेली साखर ही खूण असते. रक्तात साठलेली साखर मात्र दिसेल त्या प्रथिनाला चिकटत सुटते. तीन महिन्यांची साखर म्हणून आपण जी एचबीए१सी तपासणी करतो, ती हे चिकटणंच मोजते. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं आपल्या नागपुरात काय केलं ते आपण जवळून पाहिलं, आणि त्या रुग्णांत साखर हाताबाहेर गेलेले किती होते, तेही.

काकूंना मी म्हटलं, खऱ्या गुणाच्या साखरा तर तुमच्या घरात आधीच आहेत. लेकीच्या दुधात दीडशेच्या वर प्रकारच्या अशा साखळ्या असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. बाळाच्या आतड्यातले चांगले जीवाणू त्यांच्यावर पोसले जातात. शिवाय काही जंतू पेशीवरची साखर समजून याच साखळ्यांना धरतात आणि शीतून निघून जातात. ही सोय कुठल्याच डब्यात नाही.

बोलता बोलता आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. आजी डिंकाच्या लाडवांच्या तयारीत होत्या. कढईतल्या तुपात डिंकाचे खडे टाकले की टम्म फुगून वर येत होते. मी एक खडा हातात घेतला. बाभळीचा डिंक म्हणजे मुख्यतः गॅलॅक्टोज आणि अरॅबिनोज यांच्या गुंतलेल्या साखळ्या. आपल्याला त्या पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या खातात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात. संत्र्याच्या पांढऱ्या धाग्यांचंही तसंच, म्हणून ते सोलून टाकू नका.

आजींना एवढंच सांगितलं, की गूळ जरा हात राखून घाला. त्यांनी परातीतला अर्धा गूळ काढून ठेवला. काकूंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो परत करायला पिशवीत घातला.