न्यूट्रिनो: मतभेदांचा हिशेब

न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण वाटेत आपला प्रकार बदलतो, हे १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दाखवलं. हा बदल सहा आकड्यांवर चालतो: प्रकारांची सरमिसळ सांगणारे तीन कोन, न्यूट्रिनोच्या तीन वस्तुमानांच्या वर्गांतले (स्क्वेअरमधले) दोन फरक आणि डेल्टा नावाची एक कला (फेज), जिच्यावर न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण प्रतिन्यूट्रिनो वेगळे वागतात का, हे ठरतं. हे सगळे आकडे एकट्याने काढून देईल असा प्रयोग आजवर झालेला नाही. मग प्रयोगांचे निकाल एकत्र करायचे. लोकांना वाटतं, सरासरी काढत असतील. तसं नाही हो! सहाही आकडे एकदम बदलून पाहायचे आणि सगळ्या प्रयोगांना एकाच वेळी कोणता संच चालतो ते शोधायचं. यात खरी माहिती बऱ्याचदा मतभेदातून मिळते.

२००८ ची गोष्ट घ्या. सूर्याच्या न्यूट्रिनोंवरून एक कोन निघत होता. जपानमध्येच कॅमलँड हा प्रयोग सरासरी १८० किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांचे न्यूट्रिनो मोजत होता, त्याचा कोन किंचित वेगळा येत होता. तिसरा कोन तेव्हा सोयीसाठी शून्य धरत. इटलीतल्या बारीच्या गटाने तो शून्यावरून जरा हलवला आणि दोघांचं जमलं! त्या कोनाच्या साइनचा वर्ग त्यांना ०.०१६ मिळाला, पण त्रुटी ०.०१० ची. एवढ्यावर मी तरी पैज लावली नसती. मार्च २०१२ मध्ये चीनच्या दाया बे प्रयोगाने तो थेट मोजला, सुमारे ०.०२४.

आता सध्याचं भांडण. जपानचा टी-टू-के प्रयोग २९५ किलोमीटरवर न्यूट्रिनो पाठवतो, अमेरिकेचा नोव्हा ८१० वर. वाटेतल्या खडकातल्या इलेक्ट्रॉनांचा परिणाम लांबच्या प्रवासात जास्त होतो. त्यामुळे नोव्हात वस्तुमानांचा क्रम (तिसरं सर्वांत जड की सर्वांत हलकं) आणि डेल्टा एकमेकांत गुंततात. टी-टू-केमध्ये हा गुंता कमी. दोघांचा स्वतंत्र कल सरळ क्रमाकडे, म्हणजे तिसरं वस्तुमान सर्वांत जड. पण त्या क्रमात त्यांचे डेल्टा जुळत नाहीत, उलट्या क्रमात मात्र जुळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यांचं संयुक्त विश्लेषण आलं. एकत्र केल्यावर काटा जरासा उलट्या क्रमाकडे झुकला, आणि दाया बेने मोजलेला वस्तुमानाचा फरकही घातला की पुन्हा सरळकडे. एवढ्याशा झुकण्याला निकाल म्हणायचं नाही. वस्तुमानांच्या वर्गांतला एक फरक मात्र त्यातून दोन टक्क्यांहून कमी त्रुटीने हाती आला.

क्रमाचा निवाडा चीनमधला जूनो हा प्रयोग करू पाहतोय. २०,००० टन द्रव, अणुभट्ट्यांपासून ५३ किलोमीटर, ऑगस्ट २०२५ पासून मोजणी सुरू. त्याच्या मोजणीत डेल्टा येतच नाही, हे महत्त्वाचं. त्याने उलटा क्रम सांगितला, तर न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे वागतात याला आजच्याच संयुक्त आकड्यांतून भक्कम आधार मिळेल. सरळ सांगितला, तर डेल्टासाठी आणखी न्यूट्रिनो मोजत बसावं लागेल.