पेरणी आणि ॲडमिशन एकाच महिन्यात

(तालुक्याच्या वाचनालयात रविवारी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलले तसंच ठेवलंय, फक्त लाईट गेल्यामुळे जे दोनदा सांगावं लागलं ते एकदाच घेतलं.)

नमस्कार मंडळी. पंखा बंद आहे तर लवकर आटपते असं सरांना कबूल केलंय, पण इथे माझे विद्यार्थी बसलेत त्यांना माझी सवय माहितीये, बेल झाली तरी मी फळ्यासमोरून हलत नाही.

पत्रिकेवर विषय लई भारदस्त छापलाय, पदव्युत्तर प्रवेशात समता आणि सर्वसमावेशकता. मी साधं विचारते. आपल्या कॉलेजातून दरवर्षी पोरं बीए, बीएस्सी होऊन निघतात, त्यातली बाहेरच्या चांगल्या विद्यापीठात एमए, एमएस्सीला गेलेली किती? मोजा बोटांवर. बोटं उरतात ना? आणि ही पोरं ढ नाहीत हो, मी पेपर तपासते त्यांचे, मला माहितीये.

माझंच सांगते. मला पुण्यात एमएस्सीला नंबर लागला होता, विद्यापीठाचं नाव कशाला घ्यायचं, यादी लागली बुधवारी आणि फी भरायची सोमवारपर्यंत. जून संपत आला होता, मृग कोरडा गेलेला, दोनदा पेरावं लागलं होतं, म्हणजे कृषी केंद्राची उधारीपण दोनदा. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणे, "बाई, पैसे आता मातीत हायेत. सीतादही झाली का देतो. तुह्या त्या इद्यापीठाले सांग ना, दिवाळीलोक थांब म्हणा." (हशा) सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. हसा, मी पण आता हसते. तेव्हा वर्ष गेलं माझं. बाबांनी काही अडवलं नव्हतं आणि विद्यापीठानं काही माझ्याशी दुष्मनी केली नव्हती, फक्त तारीख ज्यानं ठरवली त्याच्या घरी पगार एक तारखेला येत असेल, आमच्या घरी तो कापूस निघाल्यावर येत होता.

तर माझं आजचं सगळं बोलणं या तारखांवरच आहे. लोक समजतात परीक्षा कठीण आहे म्हणून आपली पोरं मागे राहतात. अरे परीक्षेपर्यंत पोचतात कुठं! बघा, आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम नावाची परीक्षा असते, तिचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे इकडे सोयाबीन काढणी. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी पीजी २०२२ पासून सुरू झाली, तिचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा घरातलं माणूस न माणूस कापूस वेचायला. पेपर मार्चमध्ये. आणि आपल्याकडे पोरगा पुढचं काय ते विचारायला कधी येतो? निकाल लागल्यावर, जुलैत, पेढे घेऊन. मॅडम आता काय करू? मी पेढा खाते आणि मनात म्हणते, बाबू तू सहा महिने उशिरा आलास. त्याची चूक नाही, त्याच्या घरात, गल्लीत, सगळ्या गावात कोणी ही वाट चाललेलंच नाही तर सांगणार कोण. शहरात हे जेवताना कानावर पडतं, मावसभाऊ सांगतो, शेजारची ताई सांगते.

आकडे जास्त देत नाही, एकच. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयाच्या दर शंभरात कॉलेजात असलेले २८.४, अनुसूचित जातीत २५.९ आणि अनुसूचित जमातीत २१.२. हा सगळ्या कॉलेजांचा मिळून आकडा झाला. या कॉलेजात असलेल्यांत पदव्युत्तरवाले शंभरात बाराच्या आसपास. म्हणजे चाळणीखाली अजून एक चाळणी.

आता दाखल्यांचं, हे नीट ऐका कारण इथंच सगळ्यात जास्त सीटा जातात. आपल्या भागात तांडे आहेत. बंजारा समाज महाराष्ट्रात विजा-अ म्हणजे विमुक्त जातींमध्ये, ३ टक्के आरक्षण, आणि पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलं की तोच समाज, तीच बोली, तिथे अनुसूचित जमातीत. आणि दिल्लीच्या यादीत महाराष्ट्राचा बंजारा ओबीसी! एका नदीच्या दोन काठांवर दोन आणि दिल्लीत तिसरं. धनगरांचंही तसंच, राज्यात एनटी-क म्हणजे भटक्या जमातीत, केंद्रात ओबीसी. तर राज्याचा दाखला घेऊन हैदराबादच्या किंवा दिल्लीच्या विद्यापीठात गेलात की खिडकीतला माणूस म्हणतो ये नहीं चलेगा. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमिलेअर लागतं आणि तेही त्याच वर्षी १ एप्रिलनंतर काढलेलं. सेतूवाल्याला "सेंट्रलचं पाहिजे" असं तोंडानं सांगा, नाहीतर तो सवयीनं राज्याचंच काढून देतो. आणि अजून एक, ८ लाखाची मर्यादा ऐकून शेतकरी घाबरतो, पण त्या हिशोबात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, जमीन किती त्याचा वेगळा नियम आहे. धरलं असतं तरी, कापसात ८ लाख! असो.

गोंड, कोलाम, कोरकू या आदिवासी पोरांची गोष्ट व्हॅलिडिटीपाशी, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीपाशी अडते. १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आता ज्याचा आजा पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर राहिला, शाळेत गेलाच नाही, त्यानं शाळेचा दाखला कुठून आणायचा? मिळतो, कोतवाल बुकात म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, जुन्या महसुली नोंदीत सापडतो, पण वेळ लागतो म्हणून बीएच्या पहिल्या वर्षालाच अर्ज टाकून ठेवा. ॲडमिशनच्या आठवड्यात ते होत नसतं.

पैशाचं. योजना आहेत, नाही असं नाही. अनुसूचित जाती-नवबौद्ध पोरांना वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार, नागपूर-पुण्यात वर्षाला ६० हजारापर्यंत. आदिवासींसाठी तशीच स्वयं योजना आहे. पीएचडीत जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, आपल्या गावात एवढा पगार किती जणांचा आहे सांगा. पण स्वाधारचे पैसे मागून येतात आणि खोलीवाला डिपॉझिट आधी मागतो. मधले चार महिने पोरगं काय खाईल, हे ज्या विद्यापीठाला कळलं त्याला समता कळली असं मी म्हणते, बाकी फलक लावून काय होतं. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सगळ्या जातीच्या पोरांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं ते उगाच नाही, पापळच्या शेतकऱ्याचा पोरगा होता तो, आधी पोट आणि डोक्यावर छप्पर, मग पुस्तक.

पोरींबद्दल बोलले नाही तर घरी जाऊन झोप लागणार नाही. पोरगी फर्स्ट क्लास असते आणि बाप म्हणतो एमए घरी बसून कर, परीक्षेपुरती जा. एका बापाशी मी अंगणात बसून दोन तास बोलले, शेवटी कळलं त्याला शिकवण्याची अडचणच नव्हती, रात्री एसटीतून उतरल्यावर पोरगी हॉस्टेलपर्यंत जाईल कशी एवढंच त्याला खात होतं. मी तिथल्या एका जुन्या विद्यार्थिनीचा नंबर दिला, ती स्टँडवर घ्यायला आली, विषय संपला. एवढ्यासाठी एक करिअर जात होतं बघा.

आणि मुलाखत. पीएचडीला लेखीचं वजन ७० आणि मुलाखतीचं ३०. या ३० मध्ये काय होतं ते मी समोर बसून पाहिलंय. पोराला विषय येतो, पण इंग्रजीत पहिलं वाक्य अडकलं की घाम फुटतो आणि पॅनलवरचे साहेब एकमेकांकडे बघतात. सीयूईटीचा पेपरपण इंग्रजी आणि हिंदीतच, भाषा विषय सोडून. मी पोरांना सांगते, अडकलात तर सरळ म्हणा, सर, हिंदीत सांगू का. विचारायला हिंमत लागते हे मान्य, पण त्याहून सोपं हे की पॅनलनंच आधी सांगावं, बाबा तुला जमेल त्या भाषेत बोल. त्याला कुठला जीआर लागत नाही, पैसा लागत नाही.

विद्यापीठवाले कोणी ऐकत असतील तर त्यांना माझं मागणं फार नाही. फी दोन हप्त्यात घ्या, दुसरा दिवाळीनंतर. शिष्यवृत्तीला पात्र पोराकडून आधी भरा मग परत मिळेल हे बंद करा. आमच्याकडचे निकाल उशिरा लागतात हे तुम्हालाही माहितीये, तर प्रोव्हिजनल प्रवेश देऊन मार्कशीटला मुदत द्या. राखीव जागा भरल्या नाहीत म्हणून हात वर करण्याआधी यादीतल्या पोराला एक फोन करा, तो शेतात असेल, रेंज नसेल, संध्याकाळी परत करा.

बास, सर घड्याळाकडे बघताहेत. मागच्या भिंतीवर मी कालनिर्णय टांगलंय, त्यात फॉर्मच्या साधारण तारखा लाल पेनानं लिहिल्यात, पक्क्या तारखा जाहीर होतील तशा बदलत जाईन. ज्यांचं फायनल इयर आहे त्यांनी जाताना वहीत नाव आणि घरच्यांचा नंबर लिहा. तांड्यावरच्या पोरांनी पुढच्या रविवारी दहाला बापाचा जातीचा दाखला घेऊन इथेच या, सेंट्रलचा फॉर्म मी सोबत बसून भरून देते. लाईट असली तर चहापण आहे, नसली तरी आहे, चुलीवरचा.