किती कापावे? सर जेफ्री केन्स यांची शल्यसाधना

सभ्य स्त्री-पुरुषहो,

आज ज्या शल्यविशारदांविषयी मी बोलणार आहे, त्यांचे आडनाव आपण अर्थशास्त्राच्या संदर्भात ऐकले असेल. जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे बंधू जेफ्री केन्स हे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकून तयार झालेले डॉक्टर. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते २७ वर्षांचे होते. ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती होऊन ते फ्रान्समध्ये गेले.

आघाडीमागच्या शस्त्रक्रिया केंद्रांत त्या काळी एक तंबू वेगळा ठेवलेला असे. ज्यांच्या अंगातले रक्त इतके वाहून गेले आहे की त्यांना शस्त्रक्रिया सोसणार नाही, अशा जखमींना तिथे नेऊन ठेवत; त्यांच्यावर उपचार करण्यात हात गुंतवणे परवडणारे नव्हते. केन्स त्या तंबूत जात, ज्यांच्यात थोडी धुगधुगी उरली आहे असे जवान निवडत, त्यांना दुसऱ्याचे रक्त देत आणि नंतरच शस्त्रक्रियेला घेत. रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट मिसळण्याची रीत नुकतीच रुळू लागली होती. केन्स यांनी रक्ताचा ओघ कमी-जास्त करता येईल अशी, सहज उचलून नेता येणारी बाटलीची रचना तयार केली. युद्धानंतर, १९२२ मध्ये, ब्रिटनमधले रक्तसंक्रमणावरचे पहिले पाठ्यपुस्तक त्यांनीच लिहिले आणि लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर यांनी उभ्या केलेल्या ऐच्छिक रक्तदात्यांच्या सेवेला त्यांनी मोठा हातभार लावला.

आता कर्करोगाकडे वळू. केन्स आपल्या रुग्णालयात परतले तेव्हा स्तनाच्या कर्करोगावर एकच उपाय प्रमाण मानला जात होता. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असे सारे एकत्र काढून टाकत. हॉल्स्टेड यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की त्या काळी स्त्रिया फार उशिरा, गाठ मोठी होऊन कातडी फुटल्यावर येत आणि त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण या शस्त्रक्रियेने खरोखरच कमी झाले होते. परंतु त्याची किंमत स्त्रीला आयुष्यभर मोजावी लागे. छातीच्या फासळ्या कातडीखाली उघड्या दिसत, खांदा आखडे आणि हात सुजून जड होई. एवढे सोसूनही काही वर्षांनी हाडांत किंवा यकृतात रोग निघालाच, तर तिने हे सगळे कशासाठी भोगले, या प्रश्नाला उत्तर नसे.

केन्स यांनी १९२० च्या दशकात रेडियम हा किरणोत्सर्गी धातू वापरायला सुरुवात केली. आधी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया शक्यच नव्हती, अशा रुग्णांत त्यांनी रेडियमच्या क्षाराने भरलेल्या बारीक सुया गाठीत व भोवतीच्या भागात टोचून काही दिवस ठेवल्या. गाठी विरघळताना पाहून त्यांचा धीर वाढला. पुढे सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांतही केवळ गाठ काढून बाकी काम ते रेडियमवर सोपवू लागले. १९३७ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले; जगण्याचे प्रमाण मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचे होते.

यामागचा युक्तिवाद आज साधा वाटतो. रोग शरीरात दूरवर गेला असेल, तर छातीवरचे आणखी मांस कापून तो हाती येत नाही. आणि गेला नसेल, तर एवढे कापण्याची गरजच नाही. पण समव्यवसायींना तो बहुतांशी पटला नाही. मला वाटते, आघाडीवरच्या त्या तंबूत केन्स यांना जखमेआधी जखमी माणूस पाहायची सवय लागली होती आणि शरीराला किती सोसेल हाही शल्यकर्माचाच भाग आहे, हे तिथे त्यांच्या मनात पक्के झाले असावे. हा माझा तर्क आहे, पण त्यांचे पुढचे सारे काम मला याच अंगाने उलगडते.

दुसऱ्या महायुद्धाने हे काम खंडित केले. केन्स पुन्हा गणवेशात गेले, या वेळी हवाई दलाचे ज्येष्ठ सल्लागार शल्यविशारद म्हणून. १९५५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. दरम्यान अमेरिकेत क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी त्यांचा धागा उचलला. तेही युद्धकाळात नौदलात सेवा केलेले शल्यविशारद होते आणि त्यांनाही समव्यवसायींचा रोष पत्करावा लागला.

निकाल लागायला चिठ्ठी टाकून रुग्णांचे गट पाडणाऱ्या चाचण्या याव्या लागल्या. मिलानच्या उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांवरील अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला आणि स्तन राखून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया हॉल्स्टेड पद्धतीच्या रुग्णांइतक्याच जगतात, असे दाखवले. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या अमेरिकेतील अभ्यासानेही स्तन राखण्याच्या बाजूनेच कौल दिला. आज आपल्या परळच्या टाटा रुग्णालयातही गाठ आटोक्यातली असेल, तर स्तन राखून शस्त्रक्रिया होते. मात्र आपल्याकडच्या पुष्कळ बायका गाठ बरीच वाढल्यावर येतात आणि त्यांच्यापैकी अनेकींचा स्तन वाचवता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मिलानचा निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा केन्स ९४ वर्षांचे होते. पुढल्या वर्षी, जुलै १९८२ मध्ये, त्यांचे निधन झाले.