पाकाचा रंग

(पहाट. वाळवा तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. चुलवाणातला जाळ, काहिलीवरची वाफ.)

काहिलीत उसाचा रस चढलाय. आत्ता तो हिरवट, गढूळ दिसतो. थोड्या वेळानं मळी वर येईल, ती काढून टाकतील. रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी पडलं की राहिलेला गाळही वर येईल. मग रस निवळेल, आटेल, पिवळा होईल, तांबूस होईल. गुळव्याची नजर त्या रंगावरून हलत नाही. जरा उशीर झाला तर गूळ काळा पडतो, आणि काळ्या गुळाला पेठेत कोण भाव देणार?

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्या अशाच एका गुऱ्हाळावर वाढल्या. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि चुलवाणापाशी चिपाडं ओढून द्यायची, हे त्यांचं काम. पुढं त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि सगळी हयात मधुमेहाच्या अभ्यासात घालवली. आम्ही विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणत आलो, इथंही तेच म्हणू.

(सांगली. विश्रामबागेतला रस्ता, झाडं, सायकलवरून जाणारी मुलं.)

बी.एस्सी.साठी त्या सांगलीत आल्या. १९१९ साली सुरू झालेलं विलिंग्डन कॉलेज इथंच, विश्रामबागेत. खेड्यातून एस.टी.नं येणाऱ्या पोरांना या परिसरात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक दिसतो, पहिल्यांदा प्रयोगशाळेचा वास येतो. मॅडमही त्यांतल्याच. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. आणि नंतर पीएच.डी.साठी पुणं.

पुण्यात हाती आलेला पहिला प्रयोग दिसायला अगदी साधा होता. गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन घ्यायचं. त्यात ग्लुकोज घालायचं. जंतू वाढू नयेत म्हणून किंचित सोडियम अझाइड. आणि नळ्या ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या अंगात जेवढी ऊब असते तेवढ्या उबेत, ठेवून द्यायच्या. एक-दोन दिवस नाही, चांगले काही आठवडे. शेजारी दुसरी नळी, तिच्यात प्रथिन आहे पण साखर नाही.

(दोन नळ्या शेजारी-शेजारी. एक स्वच्छ, एक पिवळसर.)

"महिन्याभरानं नळ्या उजेडात धरल्या," मॅडम सांगतात. "बिनसाखरेची होती तशी. साखरेची पिवळी पडलेली. मला आमची काहील आठवली. तिथं धडधडता जाळ होता, इथं नुसती अंगाची ऊब. पण रंग त्याच वाटेनं निघाला होता."

ती आठवण शास्त्राला धरूनच होती. साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापवले की तांबूस रंग येतो, हे लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली मांडलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले दाणे, गुळाचा रंग, या सगळ्यांत त्या क्रियेचा वाटा असतो. पण जे चुलीवर होतं तेच जिवंत शरीरात, जाळाशिवाय, हळूहळू चालू असतं, हे ध्यानात यायला पुढं पन्नासेक वर्षं गेली. १९६८ साली इराणमध्ये सॅम्युएल रहबार हे रुग्णांच्या हिमोग्लोबिनचे नमुने तपासत होते. काही नमुन्यांत त्यांना नेहमीपेक्षा वेगळा पट्टा दिसला. ते रुग्ण मधुमेहाचे निघाले. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला जाऊन चिकटली होती.

आज सांगलीतल्या कुठल्याही लॅबच्या पाटीवर लिहिलेली एचबीएवनसी चाचणी इथून आली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत तिच्या हिमोग्लोबिनला जेवढी साखर भेटते, तेवढी ती चिकटवून घेते आणि मरेपर्यंत सोडत नाही. म्हणून आदल्या दिवशी पथ्य पाळून तपासणीला गेलेल्या माणसाची उपाशीपोटीची साखर चांगली दिसेल, पण एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब पुढं ठेवते. ६.५ टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह, ५.७ ते ६.४ असली तर उंबरठ्यावर.

चिकटणं तिथंच थांबत नाही. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं जन्मभर बदलत नाहीत, त्यांच्यावर वर्षानुवर्षं हा थर चढत जातो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजन ताठर होतं. मूत्रपिंडाची गाळणी बिघडते. मॅडमच्या प्रबंधाचा विषय हाच होता. अशा जुनाट, चिकटून बसलेल्या प्रथिनांवर ३७० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ती ४४०च्या आसपास निळसर उजेड परत देतात. तो उजेड मोजत त्यांनी पाच वर्षं काढली.

(काळी-पांढरी चित्रं: टोरोंटोची प्रयोगशाळा, इन्सुलिनच्या बाटल्या.)

मधुमेहाच्या कामात जीवरसायनशास्त्रज्ञाची जागा नेमकी कोणती, असं विचारलं की मॅडम वर्गात टोरोंटोची गोष्ट सांगायच्या. मी ती तीन वेळा ऐकली आहे आणि तिन्ही वेळा लिहून घेतली आहे. इन्सुलिनचा शोध म्हटलं की बँटिंग आणि बेस्ट ही नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं, तेव्हा त्याचा फारसा गुण आला नाही. अर्क अशुद्ध होता, सुई टोचली तिथं गळू झालं. मग जेम्स कॉलिप हा जीवरसायनशास्त्रज्ञ अर्क गाळत, अल्कोहोलचं प्रमाण बदलत, नको ती प्रथिनं बाजूला काढत बसला. २३ जानेवारीला त्यानं शुद्ध केलेला अर्क त्या मुलाला दिला आणि साखर खाली आली. १९२३चं नोबेल बँटिंग आणि त्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना मिळालं. मॅक्लिऑडनी आपल्या वाट्याचे अर्धे पैसे कॉलिपला दिले.

"त्या बारा दिवसांत काय झालं, ते नीट समजून घ्या," मॅडम म्हणायच्या. "मळी काढली. एवढंच. पण मळी काढल्याशिवाय गूळ होत नाही."

(पुन्हा सांगली. एस.टी. स्टँड, गर्दी.)

पीएच.डी. झाली आणि मॅडम परत आल्या. त्यांच्याबरोबरचे कोणी परदेशी गेले, कोणी हैदराबाद-बंगळूरच्या कंपन्यांत गेले. घरी वडील आजारी होते, शिवाय त्यांना शिकवायचंच होतं. सुरुवातीची काही वर्षं तासिका तत्त्वावर गेली, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे आणि सुट्टीत काहीच नाही. दोन कॉलेजांत धावपळ करायची, जेवणाचा डबा एस.टी.त खायचा. ज्यानं हे दिवस काढलेत त्याला सांगायला नको, आणि आजही आपल्याकडं कितीतरी शिकलेली मुलं हेच दिवस काढतायत. कायम नेमणूक झाली तेव्हा मॅडमनी पहिल्या पगारातून घरी काय नेलं, हे मी विचारलं होतं. त्यांनी एक जुनं उबपेटीचं यंत्र विकत घेतलं होतं. इन्क्युबेटर.

त्या यंत्रावर लोडशेडिंगच्या काळात काय गेलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसायची. महिनाभर ३७ अंशांवर ठेवायच्या नळ्या तिसऱ्या आठवड्यात गार पडायच्या. मॅडम नोंदवहीत तारीख, वेळ, तापमान लिहायच्या, आडवी रेघ मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं मांडायच्या. "बिघडलेल्या प्रयोगाचा आकडा वापरायचा नाही" हे वाक्य त्यांनी कधी फळ्यावर लिहिलं नाही, पण आडव्या रेघा मारलेल्या त्या वह्या कपाटात अजून आहेत.

(ऑगस्ट २०१९. आयर्विन पूल, कृष्णेचं लाल पाणी.)

२०१९च्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली. लोकांची घरं, दुकानं, जनावरं गेली. त्यापुढं प्रयोगशाळेतल्या फ्रीजरचं काय घेऊन बसायचं, असं मॅडमना वाटलं आणि त्या विषयावर त्या कॅमेऱ्यासमोर बोलल्या नाहीत. मीच सांगते. वीज गेली, फ्रीजर थांबला, सहा वर्षं जमवलेले रक्ताचे नमुने वितळले. एकेका नमुन्यामागं एकेक बाई होती, जिनं पहाटे उठून, पदर सावरत, हात पुढं केला होता.

त्या बायांबद्दल बोलायला हवं. मॅडमच्या कामाचा जीव तिथंच आहे.

(गावातल्या शाळेचा व्हरांडा. टेबल, बर्फाचा डबा, रांग.)

भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं. १३ कोटींहून जास्त माणसं त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह म्हणजे बसून खाणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाचा आजार, ही समजूत आपल्याकडं फार घट्ट आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत आया आणि बाळांचा अभ्यास करून ही समजूत हलवली. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, असं त्यांना दिसलं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

तेव्हा उसाच्या लावणीला जाणारी, हाडं दिसणारी बाईसुद्धा मधुमेही असू शकते. पण मॅडमना पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा होता. त्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे. मग एचबीएवनसीचा आकडा तिच्या बाबतीत खरं बोलतो का?

लोह कमी पडलं की नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचा वाटा वाढतो. जुन्या पेशीला साखर जास्त चिकटलेली. म्हणजे साखर तेवढीच असूनही आकडा चढलेला दिसू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, नव्या पेशी आल्या की तोच आकडा उतरतो. उलट, सिकलसेलसारख्या आजारात पेशी लवकर मरतात, तेव्हा आकडा खोटाच कमी दिसतो. हे काही सांगलीत सापडलेलं नाही, जगभर माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या तालुक्यातल्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा रिपोर्ट त्या नजरेनं वाचणं वेगळं. मॅडमनी हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर आणि ग्लायकेटेड, म्हणजे साखर चिकटलेलं, अल्ब्युमिन असं सगळं शेजारी ठेवून बघायला सुरुवात केली. अल्ब्युमिनचा तांबड्या पेशींशी संबंध नाही, ते दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देतं. पुण्यातल्या त्या पहिल्या नळीतलंच प्रथिन, आता माणसाच्या रक्तातलं.

यावरचा त्यांचा एक लेख एका नियतकालिकानं परत पाठवला. शेरा होता, विषय स्थानिक महत्त्वाचा आहे. मला त्या शेऱ्याचा आजही राग येतो. ज्या देशात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथं हा प्रश्न स्थानिक कसा? मॅडमनी लेख सुधारला, दुसरीकडं पाठवला, छापून आला. त्यावर त्या तेवढंच बोलल्या.

(मार्केट यार्ड. हळदीची पोती, सौदा.)

सांगलीत राहून मधुमेहावर काम करायचं म्हणजे हळदीचा प्रश्न येणारच. २०१८ साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर प्रत्येक सत्कारात कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हळदीनं साखर बरी होते ना?" त्या कधी चिडल्या नाहीत. हळदीतलं कुरकुमिन परीक्षानळीत साखरेचं चिकटणं कमी करतं, हे त्या स्वतः दाखवून देतात. आणि लगेच सांगतात की पोटात गेलेलं कुरकुमिन रक्तात फारच थोडं पोचतं. नळी म्हणजे माणूस नव्हे. "आमटीत घाला, भाजीत घाला, पण गोळी बंद करू नका." व्यापाऱ्यांच्या सभेत, हळदीच्या पोत्यांसमोर उभं राहून हे सांगायला धीर लागतो.

(पुन्हा शाळेचा व्हरांडा. उजाडतंय.)

पुढच्या महिन्यात मॅडम निवृत्त होतील. आज त्या आल्यात वाळवा तालुक्यातल्याच एका गावात. सहा वाजलेत. बाया रानात जायच्या आत नमुने घ्यायला हवेत. जांभळ्या टोपणाची बाटली एचबीएवनसीसाठी, करड्या टोपणाची साखरेसाठी. करड्या बाटलीत फ्लोराइड असतं. ते नसेल तर बाटलीतल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के आकडा घसरतो. लॅबमध्ये पोचेपर्यंत मधुमेही बाई कागदावर बरी झालेली असते. नव्या मुलांना मॅडम हे बाटली हातात देऊन सांगतात.

रांगेतली पहिली बाई साठीची असावी. हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे.

"मावशी, उपाशी आहात ना?"

"व्हय की. काल रातीपास्नं काय बी खाल्लं न्हाई."

"चहा?"

"च्या घेतला. च्या म्हंजे काय खाणं हाय व्हय? अन् बिनसाखरेचा घेतला, तुमी सांगितलं तसा."

"दूध होतं त्यात?"

मावशी गप्प राहिल्या. मॅडमनी करड्या टोपणाची बाटली बाजूला ठेवली, जांभळी उचलली.

"ही आज घेते, हिला चहा चालतो. दुसरीसाठी उद्या यायचं. मी इथंच आहे सहाला."

"उद्या बी येणार तुमी?"

"येणार की."

मावशींनी बाही वर केली.