पटकथेच्या सॉफ्टवेअरला पैसे कधी मोजावेत

‘फायनल ड्राफ्ट हे पटकथेचं सॉफ्टवेअर घेऊ का?’ हा प्रश्न मला जे विचारतात, त्यांतले बहुतेक जण पहिल्या पटकथेच्या पहिल्या खर्ड्यावर असतात. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: एवढ्यात नको. अडीचशे डॉलरच्या आसपास किंमत, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. मराठीत नव्या लेखकाचं मानधन किती हप्त्यांत येतं आणि शेवटचा हप्ता कधी येतो, हे तुमच्यापैकी ज्यांनी एक तरी काम केलंय त्यांना सांगायला नको.

पण हे पैसे नेमके कशाचे असतात ते आधी समजून घेऊ, कारण त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ते मांडणीचे नसतात. पात्राचं नाव मधोमध, त्याखाली संवाद, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, हे सगळं वर्डमध्ये एकदा बसवून घेतलं की पुढे कायमचं होतं. पटकथा तुमच्या टेबलावरून उठून सगळ्या युनिटच्या हातात गेली की जे सुरू होतं, त्यासाठी हे पैसे असतात.

समजा, बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे शूटिंगसाठी पक्की केलेली पटकथा, वाटून झाली. असिस्टंट डायरेक्टरने ब्रेकडाउन केला, म्हणजे कुठल्या दृश्याला काय काय लागेल याची यादी काढली. दृश्य ५२, वाड्याचं अंगण, रात्र, नायकाचा सदरा फाटलेला: ही नोंद कला विभागाकडे गेली, वेशभूषेकडे गेली, कॅमेरा टीमकडे गेली. मग दिग्दर्शकाला वाटतं की ३४ काढावं आणि ३७ नंतर एसटी स्टँडची दोन छोटी दृश्यं घालावीत. तुमचे क्रमांक वर्डमध्ये आपोआप पडत असतील, तर पुढचे सगळे आकडे सरकले. ५२ चं ५३ झालं. वेशभूषेच्या वहीत मात्र फाटका सदरा ५२ वरच आहे. कंटिन्युइटी, म्हणजे दृश्यादृश्यांतला मेळ, सांभाळणारी मुलगी सेटवर दोन कागद हातात घेऊन उभी राहते आणि पन्नासेक माणसं तिच्या उत्तराची वाट बघतात. त्या अर्ध्या तासाचा खर्च सॉफ्टवेअरच्या किमतीहून जास्त असतो.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी दृश्यक्रमांक कुलूपबंद करता येतात. ३४ तिथेच राहतं, ‘वगळलं’ अशा शेऱ्यासह. नवी दृश्यं ३७ए आणि ३७बी होतात. ५२ जागचं हलत नाही. पानांचंही तसंच: पान ४१ वाढलं तर ४१ए तयार होतं, ४२ आपल्या जागी. बदललेल्या ओळीसमोर समासात तारा (*) उमटतो. हॉलिवूडमध्ये प्रत्येक दुरुस्तीला वेगळ्या रंगाचा कागद वापरतात. पांढऱ्यानंतर निळा, मग गुलाबी, मग पिवळा. आपल्याकडे बऱ्याच युनिटमध्ये पटकथा पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवरच फिरते, त्यामुळे रंगाचं फारसं काही राहत नाही. समासातला तारा आणि वरची तारीख तेवढी पक्की हवी. शिवाय फायनल ड्राफ्टची फाइल थेट शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येते. कुठला कलाकार किती दृश्यांत आहे हे लगेच निघतं आणि तारखांची जुळवाजुळव सुरू होते. शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था बघणारा लाइन प्रोड्यूसर या फाइलचा आग्रह धरतो तो यासाठी, आणि तो आग्रह रास्त आहे. आता या सगळ्याचा फायदा कोणाला झाला ते बघा. निर्मितीला झाला. म्हणून निर्मात्याने ती फाइल मागितली, तर सॉफ्टवेअरचा खर्च करारात त्याच्या बाजूला लिहून घ्या. हे मागायला संकोच वाटू देऊ नका.

आता देवनागरीकडे येते. ही सगळी साधनं इंग्रजी पटकथेसाठी जन्मली. एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, हा हिशेब कूरियर या टाइपच्या १२ पॉइंटवर बेतलेला आहे. कूरियरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही मराठी टाइप केलंत की दुसरा फॉन्ट मदतीला येतो, वेलांट्या-उकारांमुळे ओळींची उंची वाढते आणि १०० पानांची पटकथा १२५ पानांचीही दिसू शकते. म्हणून मराठी पटकथेची लांबी पानांवर मोजू नका. घड्याळ लावून मोठ्याने वाचा. अनेक वर्षं तर यांतल्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरंही धड उमटत नसत. हिंदीत संवाद रोमन लिपीत लिहायची सवय पडली, तिला बळ मिळायचं एक कारण हेही आहे. मराठी संवाद रोमनमध्ये लिहायला माझा सक्त विरोध आहे. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांत फरक न दाखवणाऱ्या कागदावरून नटाने वऱ्हाडी किंवा मालवणी कशी उचलावी? विकत घेण्याआधी चाचणी आवृत्तीत आपल्याच संवादांची दहा पानं टाइप करा, पीडीएफ काढा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

वर्गणीच्या, म्हणजे दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरत राहायच्या, सॉफ्टवेअरबाबत मी अधिक सावध आहे. अडोबीचं ‘स्टोरी’ अनेकांना आवडायचं. २०१९ च्या जानेवारीत कंपनीने ते बंद केलं. सेल्टक्स हे दुसरं सॉफ्टवेअर सुरुवातीला फुकट होतं, संगणकावर उतरवून घेता यायचं, नंतर ते वर्गणीवर गेलं. लेखकाची पटकथा दहा-दहा वर्षं पडून राहते आणि मग अचानक कोणी विचारतं. त्या दिवशी ती उघडली पाहिजे. फायनल ड्राफ्टची एफडीएक्स फाइल आतून एक्सएमएल आहे, म्हणजे वेळ पडली तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही त्यातले शब्द सापडतात. ही त्याची मोठी जमेची बाजू. फेड इन नावाचं सॉफ्टवेअर एकदाच पैसे घेतं, तेही फायनल ड्राफ्टच्या निम्म्याहून कमी, आणि एफडीएक्स उघडतं, काढूनही देतं.

फुकटात भागवायचं असेल तर २०१२ मध्ये आलेली फाउंटन ही पद्धत शिका. पटकथा साध्या टेक्स्टमध्ये लिहायची, मांडणी सॉफ्टवेअर करतं. मॅकवर बीट नावाचं मोफत सॉफ्टवेअर तेच करतं. फक्त फाउंटन पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं आणि देवनागरीत कॅपिटल नसतात. म्हणून नावाआधी @ हे चिन्ह द्या आणि ‘अंतर्गत’, ‘बाह्य’ने सुरू होणाऱ्या दृश्यशीर्षकाआधी एक टिंब (.). दोघांनी मिळून लिहायचं असेल तर रायटरड्युएट हे सॉफ्टवेअर बघा. मोजक्या पटकथांपुरतं तेही फुकट आहे. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि भाग उद्या शूटला. तिथे एकाच फाइलवर एकाच वेळी काम करता येणं मोलाचं आहे, आणि त्यासाठी वर्गणी भरावी असं मी म्हणेन. अर्थात तीही वाहिनीने किंवा निर्मितीसंस्थेने भरावी.

क्रॅक केलेली प्रत वापरू नका. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटाच्या लेखकाला रॉयल्टीचा असा हक्क दिला, जो करारातही लिहून देता येत नाही. त्या हक्कासाठी लेखक वर्षानुवर्षं भांडले आहेत. आपल्या शब्दांचे पैसे मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या कामाचे पैसे बुडवणं मला पटत नाही.

कुठलंही साधन वापरा, खर्डा पूर्ण झाला की कोणाला ऐकवण्याआधी मुंबईत अंधेरीला असलेल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवा. नोंदणी ऑनलाइन होते. पीडीएफ पाठवण्याआधी फॉन्ट तिच्यात समाविष्ट झालाय ना हे बघा आणि ‘र्‍हास’, ‘द्वंद्व’, ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द शोधून ते नीट उमटलेत का तपासा. जोडाक्षर फुटलेलं असेल तर फॉन्ट बदलून पीडीएफ पुन्हा काढा आणि मगच नोंदणीची फी भरा.