पडदा शाबूत आहे तोवर

(जळगाव जिल्ह्यातल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडची आई पोराला दवाखान्यात आणते आणि सांगते, "पोऱ्याले रातले दिखस नही." पहिला संशय अ जीवनसत्त्वावर जातो, आणि तो रास्तच आहे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत आपण बाळांना अ जीवनसत्त्वाचे डोस पाजतो ते त्यासाठीच. पण काही पोरांना डोस दिले, शेवगा-गाजर खाऊ घातलं, तरी ढिम्म फरक पडत नाही. आज बोलायचंय ते त्यांच्यातल्या काहींबद्दल, आणि त्यांच्याआधी दिसू लागलेल्या कुत्र्यांबद्दल.

डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, उजेड पडला की तिथल्या अ जीवनसत्त्वाच्या रेणूचा आकार बदलतो. तो परत कामाला लावायचा तर पूर्वीच्या आकारात आणावा लागतो. ते काम पडद्यामागच्या थरातलं आरपीई६५ नावाचं प्रथिन करतं. त्याचं जनुक, म्हणजे ते प्रथिन कसं बनवायचं याची पेशीत लिहिलेली सूचना, बिघडलं की जीवनसत्त्व पोटात कितीही जावो, डोळ्याला हवं त्या रूपात मिळतच नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, तरच आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. मामाच्या मुलीशी लग्न करायच्या आपल्या चालीत हा धोका वाढतो, हे इथे स्पष्ट बोललेलं बरं.

हाच बिघाड ब्रियार्ड कुत्र्यांत सापडला. ही फ्रान्समधली, मेंढ्या राखणारी केसाळ जात. स्वीडनमधल्या पशुवैद्य क्रिस्टिना नार्फस्ट्रॉम यांनी त्यांच्यातल्या रातांधळेपणाचा अभ्यास केला. पुढे कळलं की आरपीई६५ जनुकातली फक्त चार अक्षरं गळाली होती. उंदरांतही असे आजार आहेत, पण उंदराचा डोळा जेमतेम तीन मिलिमीटरचा. शस्त्रक्रिया शिकायची तर कुत्र्याचा डोळा माणसाच्या कितीतरी जवळचा.

२००१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तीन ब्रियार्ड पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पेशीत जनुक पोचवायला एएव्ही नावाचा एक निरुपद्रवी विषाणू घेतला, त्याची स्वतःची जनुकं काढून चांगलं आरपीई६५ जनुक भरलं. मग बारीक सुई डोळ्यात घालून पडद्याच्या खाली थेंबभर द्रव सोडला. पडदा तिथे फोडासारखा वर उचलला जातो, द्रव शोषला गेला की परत बसतो. गुण येतो तो मुख्यतः त्या फोडाखालच्या पेशींनाच. नंतर कुत्र्याला अंधुक उजेडात अडथळ्यांमधून सोडलं. औषध दिलेल्या डोळ्याच्या बाजूच्या वस्तू ते चुकवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या वस्तूंवर धडकायचं! मला तर आलेखांपेक्षा हा पुरावा जास्त पटतो. त्या तीन पिल्लांमधला लान्सलॉट तर पुढे अमेरिकन संसदेतल्या मंडळींना भेटून आला.

माणसांवरच्या चाचण्या २००७ मध्ये सुरू झाल्या आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत या जनुक-औषधाला मान्यता मिळाली. किंमत ठरली दोन्ही डोळ्यांचे मिळून साडेआठ लाख डॉलर. रुपयांत करून बघा, पाच कोटींच्या वर जाते. एवढ्या किमतीचं औषध चाळीसगावच्या पोरापर्यंत कसं पोचायचं, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही.

खरी मेख पुढे आहे. या आजारात पडद्यातल्या पेशीही हळूहळू मरत जातात. २०१३ मध्ये दिसलं की रुग्णांची नजर सुधारली, तरी पडद्यातल्या पेशी मरायच्या थांबल्या नव्हत्या. कुत्र्यांत ताळा घेतला. पेशी मरायला लागण्याआधी उपचार झाले त्यांचा पडदा टिकला, झीज सुरू झाल्यावर झाले त्यांना दिसू लागलं पण झीज चालूच राहिली. म्हणूनच मान्यतेतही अट आहे की पडद्यात पुरेशा जिवंत पेशी हव्यात. अंधारात चाचपडणारं पोर डोस देऊनही सुधारलं नाही, तर वर्षभर वाट पाहू नका. पडद्याचा विद्युत आलेख (उजेडाला पडदा कसा प्रतिसाद देतो, ते दाखवणारी तपासणी) आणि रक्ताची जनुक तपासणी करून घ्या.

मागून एका दादांनी चिठ्ठी पाठवलीय: बीटी कपाशीत जनुक सरकीतून पुढे जातं, तसं हे पोराबाळांत उतरेल का? नाही. हे जनुक डोळ्यातल्या पेशींतच राहतं. लान्सलॉटला दिसू लागलं, पण त्याच्या पिल्लांना बापाकडून बिघडलेलीच प्रत मिळणार.

दुसरी चिठ्ठी, आजोबांना रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार) आहे, त्यांना हे औषध चालेल का? त्या आजाराला डझनावारी जनुकं कारणीभूत असतात, हे औषध त्यातल्या एकाचंच. शिवाय एएव्हीत साधारण ४,७०० अक्षरंच मावतात, काही जनुकं त्याहून मोठी. आजोबांचं जनुक कोणतं, ते आधी तपासा. मग बोलू.