शून्य शुल्काचा हक्क

श्रोतेहो, नमस्कार.

सॉफ्टवेअरची सीडी पेटीतून सीमेवर आली, तर सीमाशुल्क अधिकारी ती हातात घेऊन तपासू शकतो. तेच सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतलं, तर त्याला पत्ताही लागत नाही. मग शुल्क लावायचं कशावर?

जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी मे १९९८मध्ये, संघटनेचं मुख्यालय असलेल्या जिनिव्हात, हा प्रश्न पुढे ढकलला. इलेक्ट्रॉनिक प्रेषणांवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मार्गाने होणाऱ्या पाठवणीवर, सीमाशुल्क न लावण्याचा प्रघात तूर्त चालू ठेवू, असं त्यांनी जाहीर केलं. त्या 'तूर्त'ला मग संघटनेच्या एकामागून एक मंत्रिस्तरीय परिषदांमध्ये मुदतवाढ मिळत गेली. २०२४ साली अबू धाबीत तर फार घासाघीस झाली आणि जास्तीत जास्त ३१ मार्च २०२६पर्यंतच मुदत मिळाली.

एवढं ताणायचं कारण काय? ही सवलत नुसत्या पाठवण्याच्या क्रियेला आहे, की पाठवलेल्या चित्रपटाला, गाण्याला, खेळालाही, हे १९९८च्या घोषणेत लिहिलेलंच नाही. इंडोनेशियाने २०१८मध्ये आपल्या शुल्कसूचीत सॉफ्टवेअर आणि इतर डिजिटल मालासाठी वेगळी नोंद केली आणि दर ठेवला शून्य. हे शून्य मला फार हुशारीचं वाटतं. आज घेत नाही, पण घेण्याचा हक्क सोडलेला नाही!

पैशांचे आकडे मात्र जपून वाचावेत. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकासविषयक संस्थेच्या २०१९च्या एका शोधनिबंधात विकसनशील देशांचं वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरचं संभाव्य शुल्क बुडतं, असा अंदाज होता. पण त्यात प्रत्यक्ष दर धरलेले नव्हते, देशांना लावता येतील ते कमाल दर धरले होते. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या मते हे नुकसान अगदी किरकोळ आहे. शिवाय वस्तू व सेवा करासारखे देशांतर्गत कर लावायला या सवलतीची आडकाठी नाहीच.

माझ्या मते खरी गोष्ट जिनिव्हाबाहेर घडते आहे. अमेरिका आणि जॉर्डन यांच्या २००० सालच्या करारापासून शुल्क लावण्यावरची ही बंदी व्यापार करारांत शिरू लागली. मुख्यतः प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या सीपीटीपीपी या व्यापार करारात तर 'इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेल्या आशयासह' असे शब्द आहेत आणि त्याला मुदत नाही. म्हणजे जिनिव्हातली सवलत संपली, तरी त्या करारातले देश एकमेकांच्या डिजिटल मालावर सीमाशुल्क लावू शकणार नाहीत.

आशिया-प्रशांत भागातल्या देशांच्या आरसेप या व्यापार करारात वेगळी वाट आहे. शुल्क न लावण्याचा प्रघात तिथेही आहे, पण जागतिक व्यापार संघटनेने पुढे काही वेगळं ठरवलं, तर त्यानुसार आपला प्रघात बदलण्याची मुभा प्रत्येक देशाने राखून ठेवली आहे. ज्या देशाचं अजून मत ठरलेलं नाही, त्याच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी सही करण्याआधी निदान एवढं पोटकलम तरी मागून घ्यावं.

नमस्कार.